टोपीच्या जुन्या रिव्हॉल्वरमध्ये बार भरण्याविषयी

ठासणीवाला

आमच्या कुडाळकडच्या घरी शेतराखणीच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती आणि रानडुकरांच्या दिवसांत आजोबा ती ओटीवर बसून भरत असत. शिंगड्यातली दारू आधी मापात, मापातून नळीत, वरून काथ्याचा बोळा, मग गजाचे ठोके, आणि टोपी (घोडा आपटताच पेटून दारूला आग देणारी धातूची बारीक वाटी) मात्र खळ्याबाहेर पडल्यावरच. तेवढा वेळ आम्हां मुलांना माजघरातून बाहेर यायची बंदी असे आणि आजी चुलीतला विस्तव राखेने झाकून घेई.

पुढे पेनसिल्व्हेनियात स्थायिक झाल्यावर मी कोल्टचे १८५१ सालचे नेव्ही मॉडेल विकत घेतले, तेव्हा हा क्रम मला पाठ होता आणि म्हणून काही विशेष शिकायचे उरलेले नाही असा माझा गैरसमजही झाला होता. ठासणीच्या बंदुकीत एका वेळी एकच बार असतो. रिव्हॉल्वरच्या सिलिंडरमध्ये दारूची सहा घरे एकमेकांना भिंत लावून बसलेली असतात आणि एक घर उडते तेव्हा त्याची आग उरलेल्या पाच घरांच्या तोंडावरून आणि पाठीवरून जाते. या प्रकारच्या हत्यारात बार भरताना घ्यायची बहुतेक काळजी ही या शेजाराचीच काळजी आहे. येथे दोघा-तिघांनी वेगवेगळ्या धाग्यांवर याविषयी विचारले होते, म्हणून एकत्र लिहितो.

आधी थोडी पार्श्वभूमी. सॅम्युअल कोल्ट यांना अमेरिकेतले पेटंट १८३६ साली मिळाले. आरपार भोक असलेल्या सिलिंडरचे, म्हणजे मागून काडतूस घालता येईल अशा रचनेचे पेटंट १८५५ साली रोलिन व्हाइट यांच्या नावे झाले आणि त्याचा वापर स्मिथ अँड वेसन या कंपनीकडे राहिला. ते १८६९ साली संपेपर्यंत अमेरिकेतल्या इतर कारखान्यांना मुख्यतः समोरून भरायचीच रिव्हॉल्वरे करावी लागली, त्यामुळे अमेरिकी यादवी युद्धात वापरली गेलेली बहुतेक रिव्हॉल्वरे याच पद्धतीची होती. कोल्टची नेव्ही आणि १८६० ची आर्मी, रेमिंग्टनची न्यू मॉडेल आर्मी, इंग्लंडातली पाच घरांची ॲडम्स ही सारी याच जातीतली.

अस्सल जुने हत्यार हाती आले तर बंदुकीची दारू विकत घेण्याआधी ते जुन्या बंदुकांचे काम करणाऱ्या गनस्मिथकडे न्यावे. माझ्या नेव्हीच्या तपासणीला त्याने तीन आठवडे घेतले आणि तेव्हा मला ते फार वाटले होते. त्याने घरांच्या आतले खड्डे पाहिले, निपले (घरांच्या पाठीवरच्या, टोपी बसवायच्या पोकळ खुंट्या) काढून त्यांचे आटे पाहिले आणि घोडा पूर्ण ओढल्यावर प्रत्येक घर नळीच्या नेमके समोर येऊन अडकते का, हे सहाही घरांसाठी वेगवेगळे तपासले. कोल्टच्या या रचनेत सिलिंडरच्या वरून पट्टी नसते आणि नळी सांगाड्याला फक्त एका आडव्या पाचरीने धरलेली असते, म्हणून ती पाचर किती झिजली आहे यालाही महत्त्व आहे. निपले मात्र त्याने सरळ नवी बसवायला लावली. जुन्या निपलाचे भोक जळून मोठे झालेले असते आणि त्यातून आग मागे फिरते. मूळ निपले डबीत ठेवून द्यावीत, कारण पुढे कोणी संग्राहक विकत घेणार असेल तर तो ती मागतो. तपासणीत थोडी जरी शंका निघाली तरी ते हत्यार भिंतीवर लावावे आणि बार काढण्यासाठी इटलीत बनणारी उबेर्ती किंवा पिएत्ताची प्रतिकृती घ्यावी. मी स्वतः वर्षातले बहुतेक बार प्रतिकृतीतूनच काढतो.

आता प्रत्यक्ष भरणे. प्रथम सहाही घरे रिकामी असल्याची खात्री करावी आणि घरांतले तेल कोरड्या फडक्याने पुसून काढावे. मग रेंजवर, नळी समोरच्या दिशेला धरून, रिकाम्या घरांवर एकेक टोपी उडवावी. टोपी उडताना नळीचे तोंड गवताच्या पात्याजवळ धरले तर पाते हलते; ते हलले म्हणजे निपलाची वाट मोकळी आहे. ज्या घराला पाते हलत नाही त्यात तेल किंवा कचरा अडकलेला असतो, आणि हे आत्ताच कळले नाही तर तो बार नंतर फुसका निघतो. उडालेल्या टोप्या काढून टाकाव्यात, घोडा अर्धा चढवावा म्हणजे सिलिंडर हाताने फिरू लागते, आणि नळी वर करून धरावी.

दारू नेहमी मापातून ओतावी, ती साठवायच्या फ्लास्कच्या तोटीतून थेट घरात कधीही नाही. कोल्टच्या काळात फ्लास्कच्या तोटीलाच माप असे आणि लोक थेट ओतत असत हे खरे आहे, परंतु आधीच्या बाराचा एखादा निखारा आत राहिला असेल तर पेट मापातल्या चिमूटभर दारूला घ्यावा की हातातल्या अख्ख्या फ्लास्कला, एवढाच प्रश्न आहे. नेव्हीसाठी मी तीन एफची काळी दारू घेतो. तिचा दाणा साधारण बारीक रव्यासारखा असतो. अस्सल नेव्हीत मी १५ ग्रेन भरतो, म्हणजे एक ग्रॅमला थोडी कमी. प्रतिकृतीत १८ ते २०. हे आकडे माझ्या हत्यारांचे आहेत. आपल्या प्रतिकृतीसोबत आलेल्या पुस्तिकेतला आकडा आणि जुन्या हत्याराबाबत गनस्मिथने दिलेला आकडा हाच आपल्यासाठी खरा.

दारूवर चरबी-मेणात भिजवलेली नमद्याची चकती आणि तिच्यावर गोळी. गोळी शुद्ध, मऊ शिशाची आणि घराच्या तोंडापेक्षा किंचित मोठी असली पाहिजे. नेव्हीचे कॅलिबर, म्हणजे नळीचे नाममात्र माप, .३६ इंच असले तरी गोळी .३७५ इंचाची लागते, आणि जुन्या हत्यारात घराचे तोंड कॅलिपरने मोजूनच गोळी ठरवावी. नळीखालची दांडी ओढून गोळी दाबली की तिच्या कडेचे शिसे सोलले जाते आणि घराच्या तोंडावर बांगडीसारखे बारीक, चकचकीत कडे उरते. हे कडे म्हणजे घर बंद झाल्याची पावती आहे. ते प्रत्येक वेळी अखंड निघाले पाहिजे. अर्धेच निघाले किंवा निघालेच नाही तर गोळी सैल आहे आणि शेजारच्या आगीला वाट मिळणार आहे. गोळी चकतीवर आणि चकती दारूवर घट्ट टेकेपर्यंत दांडी ओढावी, परंतु दारूचा भुगा होईल इतका जोर लावू नये. शेवटी गोळीचा माथा घराच्या तोंडाच्या आत गेला आहे हे पाहावे, नाहीतर सिलिंडर फिरताना तो नळीच्या मागच्या कडेला अडकतो.

टोप्या सर्वांत शेवटी, बार काढण्याच्या जागी उभे राहिल्यावर आणि नळी लक्ष्याकडे असतानाच. बोटाने जोर न लावता लाकडी काडीने दाबून बसवाव्यात. मी पाचच घरे भरतो आणि घोडा सहाव्या, रिकाम्या घरावर उतरवतो. कोल्टच्या सिलिंडरच्या पाठीवर घोडा टेकवायला घरांच्या मधोमध बारीक खुंट्या असतात, पण दीडशे वर्षांत त्या झिजून सपाट झालेल्या असतात. रेमिंग्टनमध्ये त्याच कामासाठी खाचा आहेत आणि त्या जास्त भरवशाच्या आहेत.

शंकासुर

अतिशय तपशीलवार लेखन. दोन शंका आहेत. पहिली अशी की घराचा आकारच ठरलेला असल्याने दारू जास्त होण्याचा धोका या रचनेत मुळात नाही, मग मापाचा एवढा बाऊ कशासाठी? दुसरी अशी की काळ्या दारूचा धूर आणि काजळी टाळण्यासाठी आधुनिक धूररहित दारू अगदी थोडी, म्हणजे चौथाई, घेतली तर काय बिघडते?

ठासणीवाला

दुसऱ्या शंकेचे उत्तर आधी देतो, कारण तिथे बोटे जातात. धूररहित दारू या हत्यारात किंचितही घालू नये. चौथाई नाही, चिमूटभर नाही, काळ्या दारूत मिसळूनही नाही. काळ्या दारूच्या जळण्याच्या वेगावर दाबाचा परिणाम तुलनेने कमी होतो. धूररहित दारूचे तसे नाही. ती जितकी कोंडावी तितकी वेगाने जळते आणि तिचा दाब त्या काळच्या लोखंडाने कधी पाहिलेलाच नाही. यात आणखी एक फसगत आहे: धूररहित दारूवर ग्रॅफाइटचा लेप असतो, त्यामुळे तीही काळी-करडी दिसते. मूळ डब्यात, मूळ चिठ्ठीसह नसलेली कोणतीही दारू, ती सख्ख्या भावाने दिली तरी, वापरू नये. काळ्या दारूऐवजी मिळणारे पायरोडेक्ससारखे पर्याय चालतात, मात्र ते काळ्या दारूच्या मापानेच, म्हणजे आकारमानाने घ्यायचे असतात. त्यांचा दाणा हलका असतो. तराजूवर तेवढेच ग्रेन तोलले तर प्रत्यक्षात बार वाढतो.

पहिल्या शंकेत तथ्य आहे. नेव्हीच्या घरात दारू आणि गोळी दोन्ही बसवायची म्हटल्यावर फार जास्त दारू मावतच नाही, आणि उत्तम पोलादाच्या प्रतिकृतीत त्याने सहसा काही होत नाही. पण हा नियम सगळ्या मॉडेलांना लावू नका. १८४७ चे कोल्ट वॉकर हे जवळजवळ दोन किलोचे धूड. त्याच्या एका घरात ६० ग्रेन दारू मावत असे आणि त्या वेळच्या धातूला ते झेपले नाही, बरीच सिलिंडरे फुटली. पुढच्या ड्रॅगून मॉडेलांत कोल्टने घरेच आखूड केली. माझ्या अस्सल नेव्हीचे सिलिंडरही आजच्या पोलादाचे नाही, म्हणून १५ ग्रेन.

कमी दारूची अडचण उलटीच आहे. दांडीचा रेटा एका ठराविक खोलीपर्यंतच पोहोचतो. दारू त्याहून खाली राहिली तर गोळी मध्येच थांबते आणि दोघींमध्ये पोकळी राहते. तशी पोकळी राहिली की दाब सावकाश न चढता धक्क्याने चढू शकतो आणि घर किंवा नळी फुगण्याचा धोका असतो. म्हणून .४४ कॅलिबरच्या मोठ्या घरात हलका बार भरायचा असेल तर इथले नेमबाज दारूवर गव्हाचा रवा घालून जागा भरून काढतात. होय, आपला उपम्याचाच रवा. इथे तो न्याहरीच्या लापशीसाठी खोक्यात मिळतो आणि माझ्या नेमबाजीच्या पेटीतला रवा पाहून माझ्या बायकोने एकदा विचारले होते की तिथे तुम्ही नक्की काय करता.

ओहायोकर

मीही हा छंद बारा वर्षे करतो आहे, त्यामुळे एका मुद्द्यावर मतभेद नोंदवतो. आमच्या गटात सहाही घरांत आधी दारू भरतात, मग सिलिंडर उजेडात धरून सगळ्यांची पातळी सारखी आहे का ते पाहतात आणि त्यानंतरच गोळ्या ठासतात. एकेक घर पुरे करत गेल्यास एखादे घर दारूविना राहिले तरी गोळीखाली ते दिसत नाही. दुसरे असे की आपण गोळीच्या माथ्यावर ग्रीस लावण्याचा उल्लेखही केलेला नाही. शेजारचे घर पेटू नये म्हणून ते अत्यावश्यक आहे असे आम्हांला शिकवले गेले.

ठासणीवाला

दारूविना राहिलेल्या घराचा धोका आपण बरोबर मांडला आहे. तेथे नुसत्या टोपीच्या जोराने गोळी नळीत शिरून अडकू शकते आणि आवाज कमी झाल्याचे लक्षात न घेता पुढचा बार काढला तर नळी फुगते. तरीही उघडी दारू भरलेली सहा घरे समोर ठेवून पहिली गोळी ठासणे मला पसंत नाही. बाजूच्या नेमबाजाच्या ठिणग्या वाऱ्याने कुठवर येतात ते आपणही पाहिले असेल. मी पाच छोट्या नळकांड्यांत दारू घरूनच मोजून नेतो. नळकांडे रिकामे झाले की उलटे ठेवतो. पाचवी गोळी बसल्यावर पाचही नळकांडी उलटी दिसली पाहिजेत. तुमची पद्धत चूक आहे असे मी म्हणणार नाही, रेंजवर एकटे असाल तर ती उजवीच आहे.

ग्रीसविषयी मात्र माझे मत बदललेले आहे. तीन वर्षांपूर्वी माझ्या डाव्या हाताला उभ्या असलेल्या गृहस्थांच्या रिव्हॉल्वरमध्ये चेन फायर झाले, म्हणजे एका चापात दोन घरे उडाली. आवाज लांबट आणि दुहेरी आला, नळीशेजारून धुराचा दुसरा लोट निघाला आणि नळीखालच्या दांडीच्या बाजूला शिशाचा राखाडी ओरखडा उमटला. आधार देण्यासाठी त्यांनी दुसरा हात पुढे धरला असता तर बोट गेले असते, म्हणून हे हत्यार धरताना हात सिलिंडरच्या पुढे कधीही नेऊ नये. त्यांच्या गोळ्यांवर ग्रीस भरपूर होते. मी शेजारी उभा राहून पाहिले होते: गोळीचे कडे निघत नव्हते, आणि टोप्या ११ नंबरच्या असून निपले १० नंबरची होती, म्हणून ते टोप्या बोटाने चिमटून बसवत होते. आग पुढून गेली की मागून, हे कोणी ठामपणे सांगू शकणार नाही, पण दोन्ही दारे उघडी होती.

माथ्यावरचे ग्रीस पहिल्याच बारात वितळून शेजारच्या घरांवरून वाहून जाते. त्याचा खरा उपयोग काजळी मऊ ठेवण्याचा आहे. म्हणूनच मी चकती वापरतो. ग्रीस कोणतेही असो, खनिज तेलाचे नको. काळ्या दारूच्या काजळीत ते मिसळले की डांबर होते. मेण आणि प्राण्यांची चरबी यांचे मिश्रण चांगले. चरबी म्हटल्यावर आपल्याला १८५७ आठवल्यावाचून राहत नाही. ती काडतुसे एन्फील्ड रायफलीची होती, रिव्हॉल्वरची नव्हेत. ॲडम्सच्या सुरुवातीच्या, १८५१ च्या नमुन्यात तर ठासायची दांडीच नव्हती आणि चकती जोडलेली गोळी अंगठ्याने दाबून बसवावी लागे. ती पुढे सरकण्याची भीती कायमची. तशी ॲडम्स कोणाकडे असेल तर त्यांनी ती फक्त पाहावी, एवढीच विनंती.

माजी_फौजदार

भारतातल्या वाचकांसाठी एक नोंद. येथे शस्त्र अधिनियम, १९५९ लागू आहे. जुन्यापुराण्या आणि दुरुस्त करूनही उडू न शकणाऱ्या हत्याराला त्यात सूट आहे, पण ज्यातून बार निघू शकतो ते रिव्हॉल्वर कितीही जुने असले तरी परवान्यावाचून बाळगता येत नाही. अमेरिकेत १८९८ पर्यंतच्या हत्यारांना केंद्रीय कायद्यात वेगळी वागणूक आहे, ती येथे गृहीत धरू नये. आजोबांच्या पेटीत काही सापडले तर आधी पोलीस ठाण्यात कळवावे.

शंकासुर

बार उडालाच नाही तर?

ठासणीवाला

नळी लक्ष्याकडेच धरून पूर्ण एक मिनिट थांबावे. दारू ओलसर असेल तर ती धुमसून उशिरा पेटू शकते, आणि लगेच घोडा ओढून ते घर नळीसमोरून सरकवले तर तो बार बाजूला उडेल. मिनिटानंतर त्याच घरावर नवी टोपी. तरीही उडाला नाही तर इतर घरे संपवून, सगळ्या टोप्या काढून, मग सिलिंडर उतरवावे. डोळ्यांवर चष्मा आणि कानांत बोळे हे तर आहेच. टोप्यांचे तुकडे मागे उडतात.

आणखी एक राहिले. घरी आल्यावर त्याच संध्याकाळी कडकडीत पाण्याने धुणे. या दारूचा निम्म्याहून अधिक भाग घन राखच होऊन मागे राहतो आणि ती राख हवेतला ओलावा ओढून घेते. एक दमट रात्र पुरते.

जुनी_पेटी

मी न्यू जर्सीत राहते. आमच्या घरमालकीणबाईंच्या पोटमाळ्यावर त्यांच्या पणजोबांचे असे रिव्हॉल्वर निघाले आहे. नळीवर रेमिंग्टनचे नाव वाचता येते. निपलांवर टोप्या नाहीत, पण दोन घरांत पांढरट काहीतरी दिसते आणि बाकीची चार काळी, पोकळ दिसतात. माती असावी असे समजून त्या सुईने खरवडणार होत्या. हा धागा वाचून मी त्यांना थांबवले आहे.

ठासणीवाला

ताई, फार चांगले केलेत. शिसे जुने झाले की त्यावर पांढरी बुरशीसारखी पूड चढते. ती दोन घरे भरलेली आहेत असे समजूनच चाला. दारू दीडशे वर्षांनी मरत नाही, कोरडी राहिली असेल तर ती आजही तशीच पेटते. सुई नको, ड्रिल नको, उष्णता नको, आणि तेल ओतून ती निकामी झाली असे मानू नका. नळीचे तोंड भिंतीकडे करून, घोड्याला हात न लावता ते ठेवून द्या. गाडीत घालून नेण्याआधी गनस्मिथला फोन करून भरलेले असल्याची शंका सांगा. न्यू जर्सीचे नियम कडक आहेत, नेण्याची रीतही त्यालाच विचारा. तो निपले काढून मागच्या बाजूने दारू भिजवेल आणि मग गोळी बाहेर काढेल.

जुनी_पेटी

दहा दिवसांनी लिहिते आहे. गनस्मिथ स्वतः घरी आला आणि घेऊन गेला. दोन्ही घरांत बार होता. एकातली दारू ओल लागून खडीसाखरेसारखी घट्ट झाली होती. दुसऱ्या घराच्या निपलाचा आटा सुटताच काही दाणे कागदावर घरंगळले. ते त्याने अंगणात नेऊन काडी लावून आम्हांला दाखवले. फक्क करून पेटले आणि पांढऱ्या धुराला सडक्या अंड्यासारखा वास आला. रिव्हॉल्वर रिकामे होऊन परत आले आहे. गोळ्याही त्याने दिल्या आहेत, बाईंना त्या जपून ठेवायच्या आहेत.

ठासणीवाला

झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवायला सांगा आणि हाताळल्यावर साबणाने हात धुवा. ती पांढरी पूड विषारी असते.